व्हीपीएन 'कनेक्टेड', तरी एच ड्राइव्ह उघडत नाही: घरून ऑफिसचा होम फोल्डर वापरण्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिस रत्नागिरीत, माणसं बारा, एका नॅसवर (नेटवर्कला जोडलेलं, फाईल्स साठवायचं यंत्र) प्रत्येकाचा होम फोल्डर, आणि तो विंडोजमध्ये एच ड्राइव्ह म्हणून दिसतो. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही देवरुखच्या घरून काम करता. लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत जाणारा सुरक्षित बोगदा, जोडलेलं दिसतं, पण एच ड्राइव्हवर लाल फुली असते. कधी उघडलाच, तर ४० एमबीची एक्सेल फाईल उघडायला पाच मिनिटं लागतात आणि सेव्ह करताना एक्सेल गोठून बसतं. घरचा इंटरनेट प्लॅन १०० एमबीपीएसवरून ३०० वर न्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

सध्या तरी नेऊ नका. साधा हिशेब करून बघा. ४० एमबी म्हणजे ३२० मेगाबिट. ते यायला ३०० सेकंद लागत असतील तर तुम्हाला सेकंदाला जेमतेम एक मेगाबिट मिळतोय. शंभराच्या प्लॅनवर एक मिळत असेल, तर तीनशेच्या प्लॅनवरही एकच मिळणार. अडचण दुसरीकडे आहे.

खरं तर तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. एक, ड्राइव्हपर्यंत पोचताच येत नाही. दुसरं, पोचल्यावर काम रखडतं. पहिलं सेटिंगचं दुखणं आहे, एकदा नीट बसवलं की संपतं. दुसरं मात्र फाईल शेअरिंगच्या स्वभावातच आहे. तिथे सेटिंगने थोडा फरक पडेल, पण मुख्य बदल कामाच्या पद्धतीत करावा लागेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. लॅपटॉपवर विंडोज ११, नॅसवर त्याचीच युजर यादी आणि ऑफिसच्या रूटरवर वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रकार, असं मी धरून चालतो. ओपनव्हीपीएन किंवा आयकेईव्ही-२ असेल तर पोर्ट आणि मेनूची नावं बदलतील, तपासायचा क्रम तोच राहील. जुनं पीपीटीपी असेल तर बाकी काही करण्याआधी तेवढं बंद करा. त्याची सुरक्षा केव्हाच मोडीत निघाली आहे.

आधी पोचण्याचं बघू. वायरगार्डमध्ये 'ॲक्टिव्ह' या शब्दावर विसंबू नका. पलीकडून काहीही उत्तर आलेलं नसलं तरी तो शब्द दिसतो, कारण त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या बाजूचा बोगदा उघडा आहे. बघायची ती 'लेटेस्ट हँडशेक' ही ओळ, म्हणजे दोन्ही टोकांची शेवटची ओळखपाळख कधी झाली ते. काम चालू असताना ती साधारण दोन-दोन मिनिटांनी ताजी होत राहते. ती ओळच नसेल, किंवा काम करत असूनही तिथे वीस मिनिटं, एक तास असं काही दिसत असेल, तर ऑफिसपर्यंत तुमचा निरोप जातच नाहीये.

हँडशेक न होण्याची आपल्याकडची दोन नेहमीची कारणं आहेत. पहिलं म्हणजे ऑफिसच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसणं. रूटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे पुरवठादाराने रूटरला दिलेला पत्ता, बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, तर पुरवठादाराने अनेक गिऱ्हाइकांना एकाच आयपीच्या मागे बसवलं आहे. मग तुम्ही रूटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून आत येता येणार नाही. स्थिर आयपी विकत घेणं हा सरळ उपाय. तो मिळत नसेल तर भाड्याचा एक छोटा क्लाउड सर्व्हर मध्ये ठेवायचा आणि ऑफिस व लॅपटॉप दोघांनीही त्याच्याकडे बाहेर जाणारी जोडणी करायची. तेव्हा ऑफिसच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की वाट बुजते.

दुसरं कारण विजेचं. पावसात लाईट जाते, रूटर बंद पडून पुन्हा चालू होतो आणि ऑफिसला नवा आयपी मिळतो. तुम्ही डायनॅमिक डीएनएसचं (बदलत्या आयपीला दिलेलं कायमचं) नाव घातलेलं असतं, ते नावही नव्या आयपीवर वळतं, पण लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. वायरगार्ड ते नाव फक्त बोगदा सुरू होताना एकदाच विचारतो. म्हणून लाईट जाऊन आल्यावर जोडणी मेली, तर बोगदा 'डिॲक्टिव्हेट' करून पुन्हा 'ॲक्टिव्हेट' करा. निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटतात.

हँडशेक ताजा आहे आणि तरी ड्राइव्ह उघडत नाही, असं असेल तर दोन्हीकडचे आयपी पट्टे, म्हणजे रूटर आतल्या यंत्रांना ज्या मालिकेतले पत्ते वाटतो ती मालिका, बघा. घरचा रूटर १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो आणि ऑफिसचाही तेच वाटत असतो, कारण दोन्ही खोक्यातून काढले तसे लावलेले असतात. नॅस १९२.१६८.१.१० वर असेल, तर लॅपटॉपला वाटतं की हा पत्ता आपल्याच घरात आहे, आणि तो बोगद्याकडे वळतच नाही. त्या पत्त्यावर घरातला एखादा प्रिंटर असेल तर पिंगला ('आहेस का?' असं विचारणाऱ्या छोट्या निरोपाला) उत्तरही येतं, आणि मग तासभर चुकीच्या यंत्राशी झटापट होते. उपाय ऑफिसच्या बाजूला करा. घरचा पट्टा बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, पण घरं बारा आहेत, शिवाय मोबाईल हॉटस्पॉट आणि लॉजचं वायफायही आहे. ऑफिसला १०.५७.२० सारखा सहसा कुणी न वापरणारा पट्टा द्या. रविवारी करा. नॅस, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर यांचे हाताने दिलेले पत्ते आधी कागदावर लिहून घ्या, म्हणजे सोमवारी सकाळी प्रिंट निघत नाही म्हणून ओरड होणार नाही.

आता एच ड्राइव्ह बाजूला ठेवा. फाईल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि लगेच नॅसचा आयपी टाका. उघडलं तर वाट ठीक आहे, नावाची अडचण आहे. ऑफिसात नॅसचं नाव टाकलं की उघडतं, कारण तिथे ते नाव आरोळी देऊन शोधलं जातं. ती आरोळी बोगद्यातून पलीकडे जात नाही. वायरगार्डच्या सेटिंगमध्ये डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारं यंत्र) म्हणून ऑफिसच्या रूटरचा आयपी द्या आणि रूटरवर नॅसच्या नावाची नोंद करा. तेवढं जमत नसेल तर ड्राइव्ह सरळ आयपीनेच जोडा.

आयपीनेही उघडलं नाही, पण पिंगला उत्तर येतंय? मग नॅसची फायरवॉल, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी सोय, बघा. फाईल शेअरिंगचा पोर्ट टीसीपी ४४५. पुष्कळ ठिकाणी तो फक्त 'आपल्याच पट्ट्यातल्या' यंत्रांना उघडा ठेवलेला असतो, आणि व्हीपीएनवरून येणाऱ्याचा पट्टा वेगळा असतो. ऑफिसातलाच एखादा विंडोज पीसी सर्व्हर म्हणून वापरत असाल तर तिथेही असंच असतं: 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग'चा नियम प्रायव्हेट नेटवर्कवर स्थानिक पट्ट्यापुरता मर्यादित असतो. त्यात व्हीपीएनचा पट्टा जोडून द्या. व्हीपीएन रूटरवर नसून वेगळ्या यंत्रावर चालत असेल, तर आणखी एक मेख आहे. नॅसला तुमचा निरोप मिळतो, पण उत्तर तो रूटरकडे पाठवतो आणि रूटरला व्हीपीएनच्या पट्ट्याचा पत्ता माहीत नसतो. तेव्हा रूटरवर त्या पट्ट्यासाठी स्टॅटिक रूट घाला.

लाल फुलीचं कारण यापेक्षा साधं असू शकतं. विंडोज साइन-इन होतानाच एच ड्राइव्ह जोडायला धावतं आणि व्हीपीएन तुम्ही त्यानंतर चालू करता. वाटच तयार नसताना दार ठोठावलं जातं. वायरगार्डचा बोगदा विंडोजमध्ये सर्व्हिस म्हणून चालतो. तो ॲक्टिव्ह ठेवून लॅपटॉप बंद केला तर पुढच्या वेळी साइन-इनच्या आधीच उभा राहतो, फक्त घरचं वायफाय सेव्ह केलेलं हवं. तसं करायचं नसेल तर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करताना 'रीकनेक्ट ॲट साइन-इन'ची खूण काढा आणि व्हीपीएन जोडल्यावर ड्राइव्ह जोडा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर एच ड्राइव्हवर वळवलेले असतील, तर लॅपटॉपपुरते ते परत सी ड्राइव्हवर आणा. ते सर्व्हरवर राहिले की जोडणी तुटताच सगळा एक्सप्लोरर अडकतो आणि साधी टीपही लिहिता येत नाही. कुणाकडे मॅक असेल तर त्यांनाही हेच लागू: लॉगिन स्थानिक खात्यात करायचं, मग व्हीपीएन, मग फाइंडरच्या 'गो' मेनूतून 'कनेक्ट टू सर्व्हर'. होम फोल्डरवरच लॉगिन अवलंबून असेल तर व्हीपीएन चालू करायला आत जाता येत नाही, आणि आत जायला व्हीपीएन लागतं.

आणखी एक. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डशिवायचा पाहुणा-प्रवेश बंद असतो आणि एसएमबी (फाईल शेअरिंगची पद्धत) सायनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही, सक्तीचं असतं. फक्त नवे लॅपटॉप अडत असतील आणि जुने चालत असतील, तर नॅसचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा आणि प्रत्येकाला पासवर्डसह खातं द्या. लॅपटॉपवरची सक्ती काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आता रखडण्याकडे येऊ. एक चाचणी करा, यावरच पुढचं सगळं ठरतं. तीच ४० एमबीची फाईल न उघडता एच ड्राइव्हवरून डेस्कटॉपवर कॉपी करा आणि घड्याळ लावा.

कॉपीलाही पाच मिनिटं लागली, तर वाट अरुंद आहे. तुमचं डाउनलोड म्हणजे ऑफिसचं अपलोड, हे लक्षात ठेवा. ऑफिसात वेगाची चाचणी करून अपलोडचा आकडा बघा. तो एक-दोन एमबीपीएस असेल तर प्लॅन बदलायचा तो तिथला. वायरगार्डमधल्या 'अलाउड आयपीज'मध्ये (बोगद्यातून जायच्या पत्त्यांची यादी) फक्त ऑफिसचा पट्टा आहे ना, तेही बघा. सगळे शून्य असतील तर लॅपटॉपवरचा प्रत्येक व्हिडिओसुद्धा ऑफिसला वळसा घालून येतोय.

कॉपी सुरू होते, थोडी पुढे जाते आणि अडकते, फोल्डरची यादी मात्र व्यवस्थित दिसते, असं असेल तर ते बहुतेक एमटीयू, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात ती मर्यादा. छोटी पाकिटं जातात, मोठी वाटेत गळतात. हिशेब असा: वायरगार्डचं पाकीट मुळात १४२० चं, त्यावर आयपीव्ही-४ मध्ये ६० आणि आयपीव्ही-६ मध्ये ८० बाइटचं वेष्टन चढतं. फायबरवर युजरनेम-पासवर्ड टाकून होणारी पीपीपीओई जोडणी असेल तर वाट १४९२ ची असते. १४८० त्यात मावतात, १५०० मावत नाहीत. म्हणून आयपीव्ही-४ वर चालणारी जोडणी आयपीव्ही-६ वर अडते, आणि लोक सर्व्हरला दोष देतात. लॅपटॉपवरच्या वायरगार्डच्या 'इंटरफेस' भागात एमटीयू १२८० लिहून बघा. कॉपी सुरळीत झाली तर निदान पक्कं. मग १४१२ पर्यंत वाढवत जा, किंवा १२८० वरच राहू द्या, फार काही बिघडत नाही. बदल एका बाजूला केला तरी पुरतो, कारण जोडणी होतानाच लॅपटॉप पलीकडच्याला सांगतो की मला याहून मोठं पाकीट पाठवू नकोस.

कॉपी अर्ध्या मिनिटात झाली आणि उघडायलाच पाच मिनिटं लागत असतील, तर मात्र कुठलाही प्लॅन उपयोगाचा नाही. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते.

एक्सेल फाईल एका घासात ओढून घेत नाही. थोडा भाग मागतं, तो आला की पुढचा. समजा प्रत्येक वेळी ८ केबी मागितले, तर ४० एमबीसाठी ५१२० खेपा होतात. ऑफिसच्या केबलवर एक खेप अर्ध्या मिलिसेकंदाची, म्हणजे एकूण अडीच सेकंद. घरून तीच खेप ६० मिलिसेकंदांची. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या असल्या की देवरुख-रत्नागिरी हे अंतर बहुधा मुंबईमार्गे कापलं जातं. ५१२० गुणिले ६० मिलिसेकंद म्हणजे ३०७ सेकंद. तुमची पाच मिनिटं ही अशी होतात. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने बाजार आणायचा आणि दर खेपेला एकच नारळ उचलायचा, असा हा प्रकार. बोट मोठी केली म्हणून खेपा कमी होत नाहीत. प्रत्यक्षात विंडोज बरंच काही आगाऊ मागवून ठेवतं, त्यामुळे आकडा फाईलगणिक बदलेल. पण अँटीव्हायरसने फाईल मध्येच वाचायला घेतली, किंवा शीट दुसऱ्या फाईल्सना जोडलेली असली, की खेपा वाढतातच. हजारभर फोटोंचा फोल्डर थंबनेलसह उघडणं त्याहून वाईट.

सेव्ह करताना गोठण्याचं कारणही इथेच आहे. एक्सेल बदललेल्या दोन ओळी पाठवत नाही. त्याच फोल्डरमध्ये नवी तात्पुरती फाईल पूर्ण लिहितं, जुनी काढतं आणि नवीला जुनीचं नाव देतं. म्हणजे दर सेव्हला पुन्हा ४० एमबी वर चढवायचे. मोबाईल हॉटस्पॉटवर अपलोड २ एमबीपीएस असेल तर १६० सेकंद. मध्येच लाईट गेली तर मूळ फाईल गायब झाल्यासारखी वाटते. घाबरू नका. त्याच फोल्डरमध्ये आकडे-अक्षरं मिसळलेली, आठ अक्षरी नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाईल शोधा. तिची प्रत काढून तिला एक्सेलचं एक्स्टेन्शन द्या. लिहून पूर्ण झालेली असेल तर त्यात तुमचं काम मिळतं.

तेव्हा पद्धत बदला. तुमच्या स्वतःच्या फाईल्ससाठी नॅसच्या कंपनीचं सिंक ॲप लॅपटॉपवर बसवा आणि होम फोल्डरमधले चालू कामाचे फोल्डर सिंकला लावा. फाईल सी ड्राइव्हवरून उघडेल, सेव्ह क्षणात होईल आणि ॲप मागच्या मागे ती पोचवत राहील. जोडणी तुटली तरी हातातलं काम थांबत नाही. सिंकचा नेहमीचा धोका म्हणजे दोघांनी एकच फाईल बदलणं. होम फोल्डरचा मालक एकच असतो, म्हणून तो सिंकला सगळ्यात योग्य. सामायिक फोल्डरला मात्र हा उपाय जसाच्या तसा लावू नका. पहिली भरणी ऑफिसात केबल लावून करा. विंडोजचं स्वतःचं 'ऑफलाइन फाइल्स' हेच करतं, पण छोट्या ऑफिसात मी ते सुचवत नाही. सिंक अडकला तर काय अडकलं हे त्यात सामान्य माणसाला कळत नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, ॲक्सेस डेटाबेसची फाईल, आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाईल): या तिन्ही बोगद्यातून उघडू नका आणि चालू असताना सिंकलाही लावू नका. त्या सतत थोडं थोडं लिहीत असतात, आणि लिहिता लिहिता जोडणी तुटली की फाईल बिघडते. त्यासाठी ऑफिसातला पीसी चालू ठेवून रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करा. तेव्हा फाईल ऑफिसातच राहते, फक्त पडदा तुमच्याकडे येतो. त्या पीसीवर विंडोज प्रो लागेल, त्याची स्लीप बंद हवी, आणि बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग हवं, नाहीतर कुणाला तरी फोन करून बटण दाबायला सांगावं लागेल. पोर्ट ३३८९ इंटरनेटला थेट उघडू नका, फक्त व्हीपीएनमधून.

मग एच ड्राइव्ह कशासाठी राहतो? कधीतरी एखादी जुनी फाईल काढायला. ती आधी इकडे कॉपी करा, मग उघडा. तेवढ्यापुरता तो चांगला आहे.

पोर्ट ४४५ बद्दल वेगळं सांगतो. व्हीपीएनची कटकट नको म्हणून तो रूटरवर थेट उघडण्याचा मोह होतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीवाला व्हायरस याच वाटेने जगभर पसरला होता. नॅसवर एसएमबी-१ बंद करा, प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक लॅपटॉपला वेगळी वायरगार्ड की द्या, म्हणजे एक लॅपटॉप हरवला तर एकच की काढावी लागेल. आणि घरच्या यंत्रात खंडणीवाला व्हायरस शिरला तर जोडलेला एच ड्राइव्हही तो कुलूपबंद करतो, सिंक झालेला फोल्डरही. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. नॅसवर स्नॅपशॉट (फाईल्सची त्या क्षणाची मागे जाता येईल अशी स्थिती) चालू करा, निदान दिवसातून एकदा, तीस दिवसांचे.

शेवटी यूपीएस. ऑफिसात बहुतेक वेळा यूपीएसवर पीसी असतो, आणि फायबरचा डबा, रूटर, स्विच साध्या प्लगवर. चारही वस्तू, नॅससकट, एकाच यूपीएसवर घ्या. नॅसला यूपीएसची यूएसबी केबल लावा, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतःहून नीट बंद होईल. नॅस कुठे ठेवलाय तेही बघा. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावर जे होतं ते पाण्याखाली गेलं. एक प्रत दुसऱ्या गावी असू द्या. तुमच्याकडे देवरुखला घर आहे आणि बोगदा तयार आहेच. एक जुना नॅस किंवा डिस्क लावलेला पीसी घरी ठेवून रात्री दोन वाजता ऑफिसमधून एन्क्रिप्ट केलेला बॅकअप तिकडे येऊ द्या, आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाईल परत काढून उघडून बघा.